मर्लचा स्पंज

तिसरा केकही बसला. मर्लने ओव्हनचं दार उघडलं, मधोमध पडलेला खड्डा पाहिला आणि केक तसाच नेऊन मागच्या अंगणात कोंबड्यांपुढे टाकला. आधीचे दोन त्यांनीच संपवले होते. याला त्यांनी नुसती चोच लावून पाहिली.

समारंभ दुपारी दोनला होता. साडेदहा वाजून गेले होते.

बरिंगलच्या महिला सेवा मंडळाला आज शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्यातली चौपन्न वर्षं मर्ल डॉसनने पाहिली होती. चौऱ्याहत्तर सालच्या पुरात तिने ट्रक पाण्यात घालून नदीपलीकडच्या फार्मवरची नऊ माणसं आणि एक तान्हं बाळ बाहेर काढलं होतं. वणवा असो, दुष्काळ असो, चहाचं पिंप आणि घोंगड्या घेऊन पहिली पोचायची ती मर्लच. पण गावात नाव झालं ते केकचं. मर्लचा स्पंज! बदकाच्या अंड्यांचा, वीतभर उंच, तोंडात टाकताच विरघळणारा.

आणि तो स्पंज मर्लने जन्मात कधी केला नव्हता.

तो क्लॅरी करायचा, तिचा नवरा. पुराच्या त्या आठवड्यात तो पाय मोडून घरी पडला होता. मर्ल ट्रक घेऊन गेलेली, आणि मंडळाच्या विक्रीसाठी तिच्या नावावर केक लिहिलेला. क्लॅरीने आईला करताना पाहिलेला केक एका पायावर उभं राहून केला आणि पाठवून दिला. बशीपुढच्या कार्डावर मर्लचं नाव होतं. लोक तुटून पडले. ‘खरं सांगू,’ असं मर्ल दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी ते राहून जायचं.

सांगणार तरी कसं? सभागृहाच्या भिंतीवर संस्थापक बायकांनी लिहिलेला पहिलाच नियम चौकटीत टांगला होता: खाऊ सभासदाच्या स्वतःच्या हातचा. मंडळाची अध्यक्ष डल्सी तर नियमाची पक्की. एकदा कुणीतरी दुकानातली बिस्किटं आणली, तर तिने चारचौघींत डबा परत केला होता.

फोन वाजला. डल्सीच होती.

“मर्ल, तुझी बशी मधोमध ठेवतेय हं. माझ्याशेजारी. निघालीस का?”

“निघते.”

“आवाज का असा?”

“सर्दी झालीय.”

“हं. क्लॅरी हवा होता गं आज.”

मर्लने फोन ठेवला आणि चौथ्या केकसाठी अंडी फोडली.

क्लॅरीला जाऊन पाच महिने झाले होते. कृती कुठेच लिहिलेली नव्हती. विचारायचं राहिलं, कारण तो कुठे पळून चालला होता? दर गुरुवारी जायचा तेवढाच. डल्सीच्या नवऱ्याबरोबर, अर्नीबरोबर, नदीवर मासे धरायला. जाताना अर्नीसाठी डझनभर बदकाची अंडी न्यायचा. मासा मात्र पन्नास वर्षांत एकही घरी आला नाही.

“नदीत मासे आहेत ना रे?” मर्ल विचारायची.

“आहेत. पण हुशार आहेत,” क्लॅरी म्हणायचा.

एकच गोष्ट तिला खुपायची. गावच्या जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत कधी मर्लच्या केकला, कधी डल्सीच्या. डल्सी जिंकली की क्लॅरी शीळ घालत घरी यायचा. एकदा मर्ल भडकली होती. “एवढं कौतुक असेल तर तिच्याकडेच राहायला जा!” तो पोट धरधरून हसला होता. ते हसू आठवलं आणि मर्लच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडायचं थोडक्यात वाचलं.

चौथा केक एका बाजूला कलला, पण उभा राहिला. तोच डब्यात घालून ती निघाली. वाटेत बेकरीच्या काचेमागे एक देखणा स्पंज दिसला. मर्लने ट्रक थांबवला. काचेकडे दोन मिनिटं बघत बसली, आणि पुढे गेली.

सभागृह भरलं होतं. भिंतींवर फोटो लावले होते. टोप्या घातलेल्या पहिल्या बारा जणी. तान्ह्या बाळांना वजनकाट्यावर ठेवणाऱ्या. पुरातल्या ट्रकच्या स्टिअरिंगमागे अठ्ठावीस वर्षांची मर्ल, कोपरापर्यंत चिखल. त्यातल्या किती जणी आता नव्हत्या! या सगळ्यांशी आपण खोटं वागलो.

टेबलावर डल्सीचा केक डौलात उभा होता. शेजारी मर्लचा कललेला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

डल्सी भाषणाला उभी राहिली. “शंभराव्या वर्षाचा मानाचा केक आपला ठरलेलाच आहे. मर्ल, सुरी घे.”

मर्ल उठली, पण सुरीला तिने हात लावला नाही.

“हा माझ्या हातचा आहे,” ती म्हणाली. “म्हणून असा आहे. याआधी तुम्ही खाल्लेत ते सगळे क्लॅरीच्या हातचे. मला साधं ऑम्लेट जमत नाही. पन्नास वर्षं मी पहिला नियम मोडला. माझं नाव पटावरून काढायचं असेल तर काढा. पण आज एकदा तरी त्याचं नाव घेतलं जाऊ दे.”

चहाचं पिंप तेवढं उकळत होतं.

डल्सीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंतीवरच्या नियमाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या केकपुढचं नावाचं कार्ड उचललं, पालथं ठेवलं आणि शेवटच्या रांगेकडे बघून हाक मारली.

“अर्नी, ये बरं पुढे. आणि दर गुरुवारी तू आणि क्लॅरी माझ्या ओव्हनमधून कसले मासे काढत होतात, ते सांग एकदा सगळ्यांना.”