हापशीची चाल

"मला हापशी नको. मंदिर द्या," मधुसूदन म्हणाला आणि त्यानं बासरी पेटीत ठेवून दिली.

चिकलठाण्यातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये उमानं रेकॉर्डिंगची खोली थाटली होती. तिच्या कार्टून सिनेमाचं संगीत तिथं चाललं होतं. चित्रं अजून रंगवलीही नव्हती. पडद्यावर पेन्सिलीच्या रेघा हलायच्या आणि वादकांनी त्यांच्याकडं बघून वाजवायचं. गोष्ट कुठं सुरू होते नि कुठं संपते, हे उमा कुणालाच सांगायची नाही. तिची ती रीतच होती.

तिनं दोन चाली बांधल्या होत्या. दोन्ही सिनेमाभर पुन्हा पुन्हा येणार होत्या. एक भरदार, मंदिराची. महाआरतीला ती, पालखीला ती, राजा दर्शनाला आला की ती. दुसरी अगदी एवढीशी, चार-पाच सुरांची. ती वाजणार हापशीवर पाणी भरणाऱ्या बाईमागं, बांगड्या विकणाऱ्या कासारणीमागं आणि एकदा तर तहानलेल्या गाढवामागं. मंदिर रामकिसनला मिळालं होतं. मधुसूदनच्या वाट्याला गाढव आलं होतं.

आता गाढव आणि रामकिसन हे दोन्ही एकाच दिवशी सहन करणं मधुसूदनच्या आवाक्याबाहेरचं होतं. तो नि रामकिसन, दोघंही तात्यासाहेबांचे शिष्य. क्रांती चौकाजवळच्या क्लासात एकाच सतरंजीवर बसून बासरी शिकले. तात्यासाहेब रामकिसनला 'वा' म्हणायचे. मधुसूदनला म्हणायचे, "हं. पुढं." पडेगावच्या शेतकऱ्याचा पोरगा रामकिसन गावोगाव टाळ्या घेत हिंडायचा आणि मधुसूदन घरी येऊन ताटावर राग काढायचा. आता दोघांचे केस पांढरे झाले होते, पण मधुसूदनच्या मनातली आग काही विझली नव्हती. सिनेमाच्या पहिल्या खेळाला तात्यासाहेब येणार होते. ते फार थकले होते, पुन्हा कधी ऐकायला येतील याचा भरवसा नव्हता. निदान त्या दिवशी तरी त्यांनी 'वा' म्हणायला हवं होतं. गाढवामागं वाजवलेलं ऐकून ते कसं म्हणणार?

"काका, ती छोटी चाल मी तुमचं वाजवणं मनात धरूनच बांधलीय," उमा म्हणाली.

"म्हणजे माझी लायकी गाढवाची!"

उमा काहीतरी सांगणार होती, पण तिनं ओठ मिटले आणि रामकिसनकडं पाहिलं.

"द्या की त्याला मंदिर," रामकिसन म्हणाला. "मला कायबी चालतंय."

हे 'कायबी चालतंय' मधुसूदनला जास्तच झोंबलं. रामकिसन भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मंदिराची चाल मधुसूदननं जीव ओतून वाजवली. रामकिसनचं वाजवणं ऐकायला तो थांबला नाही. त्या एवढ्याशा चालीसाठी रामकिसननं आठवडा घातला, असं त्याला नंतर कळलं. त्या दिवशी मधुसूदन दोन घास जास्त जेवला.

पहिल्या खेळाला तात्यासाहेबांना दोघांच्या मधे बसवलं होतं. त्यांची नजर पार गेली होती, पण कान शाबूत होते. पडद्यावर राजा आला, पालखी निघाली, मधुसूदनची बासरी घुमली. मधुसूदननं श्वास रोखून गुरुजींकडं पाहिलं.

"हं," तात्यासाहेब म्हणाले.

सिनेमा शेवटाला आला. गावाची गर्दी मंदिरात घुसली आणि गाभाऱ्याचं दार उघडलं. गाभारा रिकामा होता. मंदिराची चाल मधेच तुटली. देवी रुसून कधीच निघून गेली होती आणि गाव इतके दिवस रिकाम्या जागेला ओवाळत होतं. मग त्या शांततेत ती एवढीशी चाल आली. बाजाराच्या टोकाला बसलेल्या कासारणीनं मान वळवली. सगळ्यांना एकदम कळलं. हापशीवर तीच होती. गाढवाच्या रूपात पाणी मागत तीच दारोदार फिरली होती. जिथं जिथं ती चाल वाजली, तिथं तिथं देवी होती. अंधारात कुणीकुणी हात जोडले.

उमा का बोलली नव्हती, तेही मधुसूदनला कळलं. देवी म्हटलं की वादक लगेच देवळातलं वाजवायला लागतात. पण कळून आता काय उपयोग? देवी आपणहून त्याच्या दारात आली होती आणि त्यानं भांडून ती रामकिसनला देऊन टाकली होती. त्याला रडावंसं वाटलं आणि रामकिसनचा गळा धरावासाही वाटला.

दिवे लागले. तात्यासाहेबांचे गाल ओले होते. त्यांनी चाचपडत मधुसूदनचा हात धरला.

"वा! वा, मधू! ती छोटी चाल काय वाजवलीस! असं वाजवणारा तू एकटाच होतास माझ्याकडं. शेफारशील म्हणून कधी बोललो नाही."

ज्यासाठी मधुसूदन जन्मभर जळला ते हातात आलं होतं आणि ते त्याचं नव्हतं. रामकिसन पलीकडं गप्प बसला होता. मधुसूदनही गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

"गुरुजी, ते मी नाही वाजवलं," तो म्हणाला. "रामकिसननं वाजवलंय."

"मला नको शिकवू," तात्यासाहेब हसले. "मी मधूला ओळखतो."

मधुसूदननं रामकिसनकडं पाहिलं. रामकिसनला त्याच्या नजरेला नजर देता येईना.

"वाजवलं मीच, पण तुझ्यासारखं," तो हळूच म्हणाला. "सतरंजीवर बसायचो तवापासनं तुझ्यावर लई जळतो मी, मधू."