विल्बरचा पाचवा

सातुर्निना वेशीवर आली आणि रस्त्याला आडव्या बांधलेल्या दोरापासून चार हात लांब उभी राहिली. दोराच्या अलीकडे दगडावर तेओदोसिओ बसला होता, तोंडाला फडकं, गालात कोकाची पानं. साथ आल्यापासून वेशीवर गावकऱ्यांच्या पाळ्या लागलेल्या. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही, असं गावसभेत ठरलं होतं. आणि गावसभेत ठरलं की आमच्याकडे पाद्रीबाबाचंसुद्धा काही चालत नाही.

"लांबूनच बोल, ताई," तेओदोसिओ म्हणाला.

"लांबूनच बोलते. आज विल्बरचा पाचवा आहे."

त्यानं मान खाली घातली. विल्बर हा सातुर्निनाचा एकुलता एक. लिमातलं काम बंद पडलं तसा डोंगर चढून पायी गावाला आला होता. याच दोरापाशी तेओदोसिओनं त्याला अडवलं. पोराचं जावळ निघालं ते तेओदोसिओच्या मांडीवर, पहिली बट कापली ती त्यानंच. तरी नाही म्हणाला. विल्बरनं वाद घातला नाही. आल्या वाटेनं लिमाला परत गेला आणि तिथं साथीनं मेला. कुठं पुरला, तेही कुणी धड सांगितलं नाही.

"आज नदीवर त्याचे कपडे धुवायचे असतात, तर ते तिकडं जाळून टाकले म्हणे," ती म्हणाली. "घरी एक जुना सदरा होता, तोच धुतला. आता रात्री दाराच्या आत चुलीतली राख पसरणार आहे."

"पसर की. पाचव्या रात्री माणूस घर बघून जातोच. माझ्या आईचं पाऊल असं लख्ख उमटलं होतं राखेत."

"तुझ्या आईच्या वेळी वेशीवर कोण बसलं होतं?"

तेओदोसिओनं पानं दुसऱ्या गालात सारली. "मेलेल्या माणसाला दोर कसला आडवा येतोय, ताई?"

"जिता होता तेव्हा आला ना? आजची एक रात्र दोर सोड. मी तुझ्यापुढं पदर पसरते."

यासाठी सभेला विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही. कुणी पाहिलं असतं तर सगळ्या गावादेखत पाठीवर चाबूक बसला असता, तरी अंधार पडल्यावर त्यानं गाठ सोडली, दोर रस्त्यावर टाकला आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. रात्रभर तसाच.

उजाडल्यावर पाळी बदलली आणि तो तडक सातुर्निनाच्या अंगणात आला. खरं सांगायचं तर त्या पावलाची गरज पोराच्या आईपेक्षा त्यालाच जास्त होती.

"उमटलं का गं?"

तिनं दार सताड उघडलं. राख पसरली होती तशीच होती. त्यावर साधं उंदराचं पाऊलही नव्हतं.

"दोर खाली होता, ताई. देवाशपथ. मी डोळ्याला डोळा लावला नाही."

"असेल. मी कुठं नाही म्हणते? पण तू काही बोललास का?"

"कुणाशी?"

"त्याच्याशी. त्याला येऊ नकोस म्हणणारा तू. पोर जन्मात कधी तुझ्या शब्दाबाहेर गेलं नाही, तेओदोसिओ. तू ये म्हटल्याशिवाय ते कसं आत येणार?"

तिला रडू आलं. तेओदोसिओला तिच्या जवळही जाता येईना. तो वळला आणि वेशीकडे चालू लागला.

पाण्याला निघालेल्या बायका त्याच्याकडे बघत थांबल्या. नव्या पाळीच्या माणसानं दोर पुन्हा करकचून बांधला होता. तेओदोसिओ दोराला पोट लावून उभा राहिला. तोंडावरचं फडकं त्यानं खाली ओढलं आणि रिकाम्या रस्त्याला हाक मारली, "ये रे, बाळा. ये, आत ये."