तीन कळांचं उत्तर

शर्वाणीचं दिवसभराचं काम आता चाळीस मिनिटांत उरकायचं. संगणकाच्या दोन कळा एकदम दाबल्या की अहवाल तयार व्हायचा. तीन दाबल्या की आलेल्या सगळ्या पत्रांना तिच्याच भाषेत, तिच्याच मायेने उत्तरं जायची. पत्र उघडायचीही गरज नसायची. संगमनेरच्या गुंजाळ सरांनाही अशीच उत्तरं जात होती. तिला टायपिंग त्यांनीच शिकवलं होतं.

चार वर्षांनी ती त्यांना भेटायला गेली, तेव्हा सरांनी भिंत चाचपत येऊन दार उघडलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते.

"सर, वेळेत ऑपरेशन का नाही करून घेतलंत?"

"तुला विचारलं होतं की. तू लिहिलंस, तुमच्या मनाला पटेल तसं करा. मन तर घाबरलेलंच होतं, पोरी."

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण या माणसासमोर शर्वाणीला ते जमेना.

"सर, ते मी नाही लिहिलं. यंत्राने लिहिलं. तुमचं पत्र मी वाचलंसुद्धा नव्हतं."

सर खुर्ची शोधून सावकाश बसले.

"चार वर्षांतली सगळीच?"

"सगळीच."

मग त्यांनी विचारलं, "आणि वाचलं असतंस तर?"

"दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले असते. हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं तुम्हाला."

"मी तेवढ्याचीच वाट बघत होतो गं," सर म्हणाले.