रिबिनींची दौड

ताबेर्नास गावच्या जत्रेत आडव्या दोरीला बारा रिबिनी टांगल्या होत्या आणि भरधाव घोड्यावरून त्या काठीने ओढायला सात स्वार सज्ज होते. सहा घोडे शेतातले होते, सातवा सिनेमातला. तो हिनेसचा तिसोन. कॅमेऱ्यापुढे गोळीचा आवाज झाला की कोसळायचं, हेच त्याचं काम.

हिनेसला हवी होती रेमेदिओसने स्वतः भरतकाम केलेली लाल रिबीन, आणि त्याहून जास्त हवा होता तिच्या वडिलांचा होकार.

"खोटं मरून पोट भरणाऱ्याला मी जावई करत नसतो," रेमेदिओसचा बाप एलादिओ सगळ्यांसमोर म्हणाला. "आणि मरतोही कसा तुझा घोडा! दुपारची झोप काढतोय असं वाटतं. शेंबडं पोरही फसणार नाही."

हिनेसने पहिल्याच दौडीत लाल रिबीन ओढली. रिवाजाप्रमाणे लगेच कुणीतरी फटाक्याचा बार उडवला.

तिसोन धाडकन आडवा झाला. मान टाकलेली, पाय ताठ. हिनेस गडगडत बाजूला पडला आणि कपडे झटकत उठला. तोवर एलादिओ धावत आला होता. त्याने घोड्याशेजारी गुडघे टेकले आणि टोपी काढून छातीशी धरली.

"सोन्यासारखं जनावर गेलं रे," तो म्हणाला. "पोरा, चुकलो मी. खरा स्वार आहेस तू. लग्नाला माझी ना नाही."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" हिनेसने विचारलं. माना हलल्या. मग तो जोरात ओरडला, "कट!"



तिसोन दोन सेकंदांत उभा राहिला.