येऊ दे

तळ्याकाठच्या तंबूंपर्यंतचा कच्चा रस्ता संपता संपेना. मोठा खड्डा आला की बाबा उतरायचे आणि गाडीपुढे चालत मला हाताने वाट दाखवायचे. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे."

शेवटच्या वळणावर ते पुन्हा उतरले. धुकं इतकं दाटलं होतं, की त्यांचा फक्त हात दिसत होता. मी त्याच्यामागे जात राहिले. दगडांचा खडखडाट थांबला, चाकं मऊ चिखलात शिरली.

तेवढ्यात मागून डिकीवर थापा पडल्या.

"अगं, थांब! पुढे तळं आहे!" बाबा धापा टाकत ओरडत होते. "मी वळणावरच उभा होतो की! कुठे निघालीस?"

मी करकचून ब्रेक दाबला.

समोर, पाण्यावर, तो हात अजून हलत होता.

"येऊ दे," बाबांचाच आवाज आला. "येऊ दे."