मोठ्या डॉक्टरांचा हात

"सही करायची न्हाय," मोहनराव म्हणाले, आणि दीपकनं उचललेलं पेन खाली ठेवलं. मुलगी दीपकची होती. पण माळेगावच्या त्या घरात वडिलांचा शब्द मोडून सही करायची कोणाची छाती नव्हती.

चार महिन्यांच्या छकुलीच्या डोक्यात पाणी साठत होतं. डोकं आठवड्यागणिक वाढत होतं, पाजलेलं दूध पोटात टिकत नव्हतं. बारामतीच्या दवाखान्यात आज ते पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी बसवायची होती. ती बसवणार होती डॉक्टर सोनम. निमगाव केतकीची, चौतीस वर्षांची, अंगानं बारकी. मेंदूची ऑपरेशनं शिकून झाली होती, आता खास लहान मुलांची शिकत होती. मोहनरावांना ती शाळेच्या गॅदरिंगमधून उठून आल्यासारखी दिसली.

"मला बोपर्डीकर डॉक्टरांचा हात पायजे. शिकणाऱ्यांनी दुसरीकडं शिकावं, माझ्या नातीवर न्हाय."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. फडात ऊसतोड चालू असताना दोन दिवस एका पुढाऱ्याच्या दारात बसून त्यांनी ती मिळवली होती. रेशनकार्डापासून बदलीपर्यंत जी चिठ्ठी चालते, ती मेंदूला का चालू नये, असा त्यांचा सरळ हिशोब.

पांढऱ्या केसांच्या बोपर्डीकरांनी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली आणि ते बाकावर मोहनरावांच्या शेजारी बसले.

"आबा, आज मी सोनमच्या शेजारीच उभा असेन. पण ही नळी एकदा बसवली की जन्माचं काम झालं, असं नसतं. कधी तुंबते, कधी पोर वाढलं की अपुरी पडते. मग बदलावी लागते. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, कदाचित छकुलीच्या लग्नानंतरसुद्धा. मी पासष्टचा आहे. या दवाखान्यात माझ्यामागं हे काम शिकणारी ही एकटीच आहे."

मोहनरावांनी वळून पाहिलं. बाकाच्या टोकाला आईच्या मांडीवर छकुली झोपली होती. आतापर्यंत त्यांना फक्त आजच्या दिवसाची धास्ती होती. छकुली मोठी होईल, हे गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या मनात आलंच नव्हतं. ते आता आलं.

त्यांनी सोनमला हातानं जवळ बोलावलं.

"पोरी, छकुली ईस वर्सांची व्हईल, तवा तू किती वर्सांची आसशील?"

"चोपन्न, आबा."

"तवाबी हितंच आसशील का?"

"माझं घरच निमगावला हाय. जातीय कुठं?" इतका वेळ पुस्तकी बोलणारी सोनम एकदम गावाकडचं बोलून गेली.

मोहनरावांनी मनात हिशोब केला. चोपन्न म्हणजे काही वय नव्हे. ते स्वतः सत्तरीत उसाला पाणी देत होते.

"कर सही," ते दीपकला म्हणाले.

दीपकनं सही केली. सोनमनं छकुलीला उचलून घेतलं आणि ती आत निघाली. दारापाशी पोचते तोच मागून मोहनरावांची हाक आली.

"आगं डॉक्टरीणबाई, तुझ्यापरीस बारकं कोन शिकत आसंल, तर त्येलाबी आत घे. नीट बघू दे."