डोक्याचा मार

दुर्गेश मोटरसायकलवरून पडला तेव्हा त्याच्या डोक्याला टाके पडले होते. डोक्याच्या माराने माणसाची स्मरणशक्ती आणि स्वभाव कसा बदलतो, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर जया म्हणूनच तळेगावला त्याच्या घरी आल्या. विसरायला होतं का, उजेड सहन होतो का, उगाच रडू येतं का, असं त्या विचारू लागल्या तसा तो भडकला.

"मले काई झालं नाई! माह्या बायकोले विचारा. भाजीत दोनदा मीठ टाकते, भर दिवसा खिडक्या लावून बसते, पोरीले हाक मारतानी नाव आठवत नाई. अन् काऊन रडून राह्यली, ते तिलेच ठाऊक नाई. पागल झाली हे बाई. तिलेच तपासा!"

चहा घेऊन आलेली शालू दारातच थबकली. डॉक्टरांनी दुर्गेशकडे पाठ केली आणि तिला जवळ बसवलं.

"ताई, तुमच्या डोक्याला कधी मार लागला होता का?"

शालूने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.



"पयला सांगू म्याडम, का कालचा?"